हृदयविकारावरील संशोधन आणि अधिछात्रवृत्ती : भोपाळचा धडा

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ शहरातील कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हे विषारी रसायन वायुरूपाने बाहेर पडले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. लाखोंच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा झाली. दुसऱ्या दिवसापासून तेथील वैद्यकीय क्षेत्रापुढे दोन कामे उभी राहिली. पहिले काम उपचाराचे होते व ते ताबडतोब करावयाचे होते. दुसरे काम तितकेच निकडीचे, परंतु सावकाशीचे होते : वाचलेल्या माणसांच्या प्रकृतीवर पुढे दहा, वीस, तीस वर्षांनी कोणता परिणाम होईल, याचा शोध घेणे. हे दुसरे काम एका रात्रीत होत नाही, एका डॉक्टराकडून होत नाही आणि रुग्णांवर उपचार करता करता फावल्या वेळातही होत नाही. त्यासाठी आयुष्यातील काही वर्षे एकाच प्रश्नाला देणारी, त्या कामाचे शिक्षण घेतलेली आणि त्या काळात पोटापाण्याच्या चिंतेतून मोकळी असलेली माणसे लागतात. पीएच.डी. ही पदवी आणि तिच्यासाठी मिळणारी अधिछात्रवृत्ती यांचे खरे प्रयोजन हे होय.

हृदय व रक्ताभिसरण यांच्या विकारांच्या बाबतीत या प्रयोजनाचे महत्त्व विशेष आहे. १९९० साली भारतातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे १५ टक्के मृत्यू या विकारांमुळे होत असत. २०१६ साली हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर गेले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हृदयविकार हा शहरातील सुखवस्तू माणसाचा रोग, ही समजूत आता मागे पडली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी केली, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण असल्याचे आढळले. दर सात मृत्यूंपैकी सुमारे एक मृत्यू पक्षाघाताचा होता. पक्षाघात हा मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा विकार असून त्याचे मूळ बहुधा वाढलेल्या रक्तदाबात असते. म्हणजेच ज्या रोगाचा संबंध मुंबई-पुण्याशी जोडला जाई, तो धानाच्या बांधावर येऊन ठेपला आहे.

फुप्फुसाची इजा हृदयापर्यंत कशी पोहोचते?

निरोगी माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या अवस्थेत दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. हृदयाचा उजवा भाग अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवितो, तर डावा भाग शुद्ध झालेले रक्त सर्व शरीराला पुरवितो. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब एरवी कमी असल्यामुळे उजव्या भागाच्या भिंती पातळ असतात. फुप्फुसांत व्रण पडून ती कडक झाली, किंवा त्यांतील रक्तवाहिन्या आकसल्या, म्हणजे रक्त ढकलण्यासाठी उजव्या भागाला अधिक जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षे असे झाल्यास तो भाग प्रथम जाड होतो, नंतर ताणला जातो व अखेरीस थकतो. पायांवर सूज येते, थोड्याशा चालण्यानेही धाप लागते. मूळ इजा फुप्फुसाची असली, तरी शेवटचा भार हृदयावर पडतो.

गॅसबाधित माणसाच्या बाबतीत हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने कसा सोडवावयाचा, हे पाहिले म्हणजे संशोधन म्हणजे काय याची कल्पना येते. समजा, विषारी वायूचा संसर्ग झालेल्या शंभर प्रौढांपैकी वीस जणांना हृदयविकार आढळला. एवढ्यावरून तो वायूमुळेच झाला, असे म्हणता येत नाही. त्याच शहरातील, संसर्ग न झालेल्या शंभर प्रौढांची तशीच तपासणी करावी लागते. त्यांच्यात समजा बारा जणांना विकार आढळला, तरीही प्रश्न संपत नाही. पहिल्या गटातील माणसे वयाने मोठी होती काय? त्यांच्यात बिडी ओढणारे किंवा तंबाखू खाणारे अधिक होते काय? त्या वस्तीतील स्त्रिया चुलीच्या धुरात अधिक वेळ काढत होत्या काय? कोणाला आधीपासून मधुमेह होता काय? ही सर्व कारणे वेगळी काढल्यावर जो फरक उरतो, तोच वायूच्या नावावर मांडता येतो.

याहून अवघड अशी आणखी एक बाब आहे. जी माणसे सर्वांत अधिक आजारी होती, ती पहिल्या काही वर्षांतच दगावली किंवा शहर सोडून गेली. वीस वर्षांनी तपासणीस येणाऱ्यांत त्यांची नावे नसतात. उरलेली माणसे त्या मानाने सुदृढ दिसतात आणि वायूचा परिणाम फारसा झाला नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून सुरुवातीलाच यादी करणे, त्या यादीतील प्रत्येक माणसाचा माग ठेवणे आणि कोण गळाले व का गळाले याची नोंद करणे, हे या शास्त्राचे पहिले व्रत मानले जाते.

नोंदींची साखळी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दुर्घटनेनंतर लगेच भोपाळमध्ये काम सुरू केले. सुमारे ८० हजार गॅसबाधित आणि सुमारे १६ हजार अबाधित व्यक्तींची नोंद करून त्यांचा पाठपुरावा आरंभण्यात आला. परिषदेचे हे अभ्यास १९९४ पर्यंत चालले. त्यानंतर १९९५ पासून हे काम राज्य शासनाच्या पुनर्वसन अभ्यास केंद्राकडे आले. २०१० साली परिषदेने भोपाळमध्ये राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था स्थापन केली. काम एका यंत्रणेकडून दुसरीकडे जात असताना नोंदी टिकविणे आणि माणसांचा माग ठेवणे किती कठीण असते, हे भोपाळच्या इतिहासावरून समजते. काळाच्या ओघात यादीतील माणसे कमी होत गेली. सुटलेले वर्ष पुन्हा भरून काढता येत नाही. ज्या वर्षी रक्तदाब मोजला गेला नाही, त्या वर्षीचा रक्तदाब नंतर कोणत्याही यंत्राने कळत नाही.

नोंदींची साखळी अखंड राहिली, तर काय साधते, याचे उदाहरण अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावाचे आहे. तेथे १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांची ठरावीक काळाने तपासणी सुरू झाली. वाढलेला रक्तदाब, रक्तातील अधिक कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध प्रस्थापित करण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. १९७० च्या सुमारास त्याचा निधी बंद पडण्याची वेळ आली होती. तथापि तो तगला. पुढे मूळ माणसांची मुले आणि नातवंडेही त्यात सामील झाली. आज खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला जातो, त्यामागे अशा अभ्यासांची पुण्याई आहे.

महाराष्ट्रातही असे काम झालेले आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ साली गर्भवती मातांच्या आहाराचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. गंमत अशी की, आपली बालके सडपातळ दिसत असली, तरी त्यांच्या अंगातील चरबीचे प्रमाण त्या मानाने कमी झालेले नव्हते. मधुमेह व हृदयविकार यांची बीजे मातेच्या उदरातच पडत असावीत, या विचाराला या खेड्यांनी पुष्टी दिली.

हे क्षेत्र केवळ डॉक्टरांचे नाही

हृदयविकारावर संशोधन करावयाचे म्हणजे आधी वैद्यकीय पदवी हवीच, असा समज ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांत व पालकांत आढळतो. तो बरोबर नाही. एम.डी. किंवा डी.एम. या पदव्या रुग्णावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या आहेत, तर पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. वैद्यकीय पदवी नसलेल्या पीएच.डी.धारकाच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागते, परंतु त्याला रुग्णाला औषध देण्याचा अधिकार नसतो. उलट, औषध कोणते द्यावे हे ज्या पुराव्यावर ठरते, तो पुरावा तयार करण्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, संख्याशास्त्र, अभियांत्रिकी, परिचर्या आणि समाजशास्त्र अशा अनेक विषयांच्या पदवीधरांचा हात असतो.

तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत बनलेली हृदयाची कृत्रिम झडप हे याचे उत्तम उदाहरण होय. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली शल्यचिकित्सक, धातुतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ व अभियंते यांनी मिळून ती घडविली. पहिले तीन नमुने अपयशी ठरले. चौथा यशस्वी झाला आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. परदेशी झडपेपेक्षा ती पुष्कळ स्वस्त असल्यामुळे सामान्य कुटुंबांनाही परवडू लागली. तीन वेळा अपयश येऊनही काम चालू ठेवता आले, ते निधी आणि धीर दोन्ही टिकल्यामुळे.

औषधांची कथाही अशीच आहे. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात पूर्वीपासून वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिच्या परिणामाची पद्धतशीर नोंद करून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनतज्ज्ञांनी तिच्या मुळ्यांतून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. वैद्याचे ज्ञान, डॉक्टरांची नोंद आणि रसायनतज्ज्ञांची प्रयोगशाळा या तिन्ही गोष्टी जुळल्या, तेव्हाच ते औषध सिद्ध झाले.

पात्रता आणि प्रवेश

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण मिळविणारा विद्यार्थी पीएच.डी. प्रवेशास पात्र ठरतो. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण करून किमान ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास थेट प्रवेशाची मुभा आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना नियमानुसार गुणांत ५ टक्के सवलत मिळते. पदवीसाठी किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत आहे; स्त्रिया व दिव्यांग यांना कमाल मुदतीत दोन वर्षांची अधिक सवलत मिळू शकते. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद असल्यामुळे विवाहानंतर शिक्षण थांबलेच पाहिजे असे नाही, ही गोष्ट मुलींच्या पालकांनी ध्यानात ठेवावी.

मार्गदर्शकाच्या हाताखाली किती विद्यार्थी असावेत, यावरही मर्यादा आहे : प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चार. म्हणून प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही मार्गदर्शकाकडे जागा आहे किंवा नाही, याची चौकशी आधी करणे हिताचे ठरते. त्याहूनही आधीची पायरी म्हणजे प्रश्न निश्चित करणे. ‘हृदयविकाराचा अभ्यास’ हा विषय नव्हे. ‘फुप्फुसांचा जुनाट विकार असलेल्या स्त्रियांच्या हृदयाच्या उजव्या भागात कोणते बदल होतात’ हा विषय होय. प्रश्न जितका नेमका, तितका मार्गदर्शक शोधणे सोपे.

अधिछात्रवृत्ती कोठून मिळते?

अधिछात्रवृत्तीचे प्रमुख मार्ग राष्ट्रीय परीक्षांचे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोग आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांच्या ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी निवड होते. जैवतंत्रज्ञान व वैद्यकीय संशोधन या क्षेत्रांसाठीही स्वतंत्र निवड परीक्षा आहेत. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार कनिष्ठ अधिछात्रास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि कामाचे मूल्यमापन समाधानकारक ठरल्यास पुढील तीन वर्षे वरिष्ठ अधिछात्र म्हणून दरमहा ४२,००० रुपये मिळतात. वसतिगृहाची सोय नसल्यास घरभाडे भत्ता व संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी वार्षिक अनुदान नियमानुसार वेगळे मिळते.

महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी राज्याच्या संस्थांच्या योजनाही आहेत. अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी ‘बार्टी’, मराठा व कुणबी समाजांतील उमेदवारांसाठी ‘सारथी’ आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ‘महाज्योती’ या संस्था पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. जागा मर्यादित असतात व अटी वेळोवेळी बदलतात. परराज्यातील संस्थेत प्रवेश घ्यावयाचा असल्यास ती संस्था योजनेत बसते किंवा नाही, याची खातरजमा अर्जापूर्वीच करावी. एकाच वेळी दोन अधिछात्रवृत्त्या घेता येत नाहीत, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

याशिवाय मार्गदर्शकाला मंजूर झालेल्या संशोधन प्रकल्पातूनही विद्यार्थ्यास वेतन मिळू शकते. तथापि प्रकल्पाची मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते आणि प्रबंधास त्याहून अधिक काळ लागतो. प्रकल्प संपल्यावर पुढील वर्षांची तजवीज काय, हा प्रश्न प्रवेश घेतानाच विचारला पाहिजे. तसेच अधिछात्रवृत्तीची रक्कम काही वेळा उशिरा हाती येते. पहिल्या काही महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवल्यास मध्येच परत फिरण्याची पाळी येत नाही.

पाच वर्षांचा क्रम

पहिल्या वर्षी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. संशोधनाची पद्धत, संख्याशास्त्र व संशोधनातील नीतिनियम यांचा त्यात समावेश असतो. त्यानंतर संशोधनाचा आराखडा सल्लागार समितीपुढे मांडावा लागतो. माणसांवरील अभ्यास असल्यास संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी मिळाल्याखेरीज एकाही व्यक्तीची तपासणी करता येत नाही. दुसऱ्या ते चौथ्या वर्षांत तपासण्या, नोंदी व विश्लेषण यांचे मुख्य काम चालते. दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगती मांडावी लागते. पाचव्या वर्षी प्रबंधाचे लेखन, परीक्षकांकडून तपासणी व मौखिक परीक्षा होऊन पदवी मिळते.

भोपाळमध्ये या विषयाशी संबंध असलेल्या अनेक संस्था एकाच शहरात आहेत. १९५५ साली सुरू झालेले गांधी वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले हमीदिया रुग्णालय, गॅसबाधितांसाठी सुरू झालेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय व संशोधन केंद्र, २०१२ पासून वैद्यकीय शिक्षण देणारी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, आणि भौंरी येथील राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था ही आरोग्यक्षेत्रातील प्रमुख नावे होत. भौंरी येथेच २००८ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था असून तेथे जीवशास्त्रात पीएच.डी. करता येते. विदर्भ व खानदेशातून इटारसीमार्गे रेल्वेने भोपाळ गाठता येत असल्यामुळे तेथील विद्यार्थ्यांना हे शहर परके वाटण्याचे कारण नाही.

समाजाचा वाटा

अधिछात्रवृत्ती ही विद्यार्थ्याला दिलेली बक्षिसी नव्हे. ती समाजाने एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आगाऊ दिलेली मजुरी होय. ती सत्कारणी लागावी, यासाठी केवळ विद्यार्थ्यानेच नव्हे, तर इतरांनीही आपापला भार उचलला पाहिजे.

शिक्षकांनी, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी, पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांना ‘नेट’सारख्या परीक्षांची माहिती द्यावी. पदव्युत्तर निकाल लागल्यावर ती कळली, तर एक-दोन वर्षे वाया जातात. अधिकारी व कर्मचारी यांच्या हातात याहून नाजूक गोष्ट असते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमिलेअर दाखला, अधिवास व उत्पन्नाचे दाखले यांपैकी एखादा कागद आठ दिवस उशिरा मिळाल्याने अर्जाची मुदत टळते आणि गुणवान विद्यार्थ्याचे वर्ष बुडते. टेबलावर पडून राहिलेला कागद प्रत्यक्षात एखाद्या तरुणाच्या आयुष्याचे वर्ष असते.

ग्रामस्थांचा वाटाही कमी महत्त्वाचा नाही. संशोधक दारी आला, तर त्याने अभ्यासाचा हेतू, तपासणीचे स्वरूप व संभाव्य त्रास आपल्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे. समजल्यावरच संमती द्यावी. न पटल्यास नकार द्यावा. मधूनच अभ्यासातून बाहेर पडण्याचा अधिकारही प्रत्येकाला आहे व त्यामुळे त्याच्या उपचारात खंड पडता कामा नये. आपल्या तपासणीचा निकाल काय लागला, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र संमती दिल्यावर दुसऱ्या व तिसऱ्या तपासणीस आवर्जून हजर राहावे आणि स्थलांतर झाल्यास नवा पत्ता कळवावा. एका माणसाची सुटलेली नोंद क्षुल्लक वाटते. परंतु अशा हजार नोंदी सुटल्या, म्हणजे सत्यच हातातून निसटते.

भोपाळमध्ये त्या रात्री जी बालके आईच्या कुशीत होती, ती आज चाळिशी ओलांडून हृदयविकाराच्या वयात येत आहेत. त्यांच्या हृदयावर त्या रात्रीचा कोणता ठसा उरला आहे, हे जाणून घेण्यास अजून अवधी आहे, पण तो अमर्याद नाही. त्यासाठी लागणारी माणसे आज कोठल्या तरी गावच्या शाळेत विज्ञानाचा तास ऐकत बसलेली आहेत. त्यांना ही वाट वेळेवर दाखविणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.